आधी स्क्रू, मग नकाशा : मानेतील एका धमनीचा इतिहास

(धागा) ज्या रुग्णाच्या मानेचे मणके जन्मतःच वेगळ्या घडणीचे आहेत, त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी आज एक चित्र काढले जाते. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात, काही सेकंदांत सीटी यंत्र मानेभोवती फिरून येते आणि पडद्यावर हाडे व त्यांतून वर चढणाऱ्या दोन धमन्या एकत्र उभ्या राहतात. शल्यचिकित्सक ते चित्र फिरवून फिरवून पाहतो आणि मग ठरवतो, की स्क्रू कोठे घालायचा आणि कोठे घालायचा नाही.

ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, की तिला काही इतिहास असेल असे मनात येत नाही. मी वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे. त्यामुळे मला खटकली ती तारखांची विसंगती. ही धमनी क्ष-किरणांच्या साहाय्याने जिवंत माणसात पाहण्याची सोय १९३३ साली झाली होती. मानेच्या शस्त्रक्रियेआधी ती पाहण्याचा शिरस्ता मात्र त्यानंतर साठ वर्षांनी पडू लागला. मधली साठ वर्षे कोणाचे काय अडले होते? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

प्रथम धमनीची वाट समजून घेऊ, कारण सारे नाट्य त्या वाटेत आहे. व्हर्टिब्रल धमनी मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक असते. गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या धमनीतून ती निघते आणि बहुधा मानेच्या सहाव्या मणक्याच्या बाजूला असलेल्या छिद्रात शिरते. तेथून दुसऱ्या मणक्यापर्यंत ती छिद्रांच्या ओळीतून सरळ वर चढते, सुईत दोरा ओवावा तशी. दुसऱ्या मणक्यात ती एकाएकी बाहेर वळते, पहिल्या मणक्याच्या छिद्रातून वर येते, मग मागे वळून त्याच मणक्याच्या कमानीवरील खाचेत आडवी होते आणि अखेर मज्जारज्जूचे आवरण भेदून कवटीत जाते. तेथे दोन्ही बाजूंच्या धमन्या एक होतात. श्वास, गिळणे, तोल, शुद्ध ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या मस्तिष्कस्तंभाला आणि लहान मेंदूला रक्त मिळते ते येथून.

वळणे कशासाठी? मान डावीउजवीकडे वळवताना जवळजवळ निम्मी हालचाल पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यात होते. धमनी तेथे ताठ असती तर प्रत्येक वळणाला ओढली गेली असती. म्हणून दोराला ठेवावी तशी तेथे ढील आहे. हीच ढील शल्यचिकित्सकाचा घात करते. स्थैर्यासाठी ज्या जागी हाड पक्के बांधायचे, नेमक्या त्याच जागी धमनी सर्वाधिक वाकडी आहे.

ही जागा नाजूक आहे, हे ज्ञान जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात डोके व मान यांच्या सांध्यावर ‘कृकाटिका’ नावाची दोन मर्मे सांगितली आहेत आणि तेथे इजा झाल्यास ‘चलमूर्धता’, म्हणजे डोके डळमळणे, हा परिणाम नोंदवला आहे. निरीक्षण अचूक आहे. पण यावरून ‘आमच्याकडे सारे आधीच होते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. मर्माची यादी ‘येथे हात लावू नका’ एवढेच सांगते. हात लावावाच लागला तर काय करायचे, हा प्रश्न निराळा आणि त्याचा इतिहासही निराळा.

युरोपात १६६४ साली टॉमस विलिस याने मेंदूच्या शरीररचनेवरील ग्रंथ काढला. त्यात मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे दाखवले आहे. चित्रे काढण्यात ख्रिस्तोफर रेनचा हात होता, पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा तोच रेन. पण ही सारी मृतदेहांची विद्या. शिवाय शवविच्छेदनाच्या टेबलावर बहुतेक माणसे सरासरी असतात आणि आपल्या कथेतील रुग्ण सरासरी नाहीत.

ते रुग्ण कोण? १९१२ साली पॅरिसमध्ये मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फेल यांनी एका ४६ वर्षांच्या शिंप्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला जणू मानच नव्हती. डोके खांद्यांवर ठेवल्यासारखे, केसांची मागची रेषा खूप खाली. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा मणके एकमेकांत मिसळलेले आढळले. पुढे फेलने याच विषयावर प्रबंध लिहिला. या व्यंगाला आज त्या दोघांचे नाव आहे. याच कुळातील आणखी व्यंगे म्हणजे पहिला मणका कवटीला चिकटलेला असणे, दुसऱ्या मणक्याचे वर आलेले टोक अपुरे वाढलेले असणे किंवा कवटीच्या तळाच्या भोकातून ते आत घुसलेले असणे. यांतून पहिला मणका दुसऱ्यावरून घसरतो आणि मज्जारज्जू दाबला जातो.

या रुग्णांच्या इतिहासात मुंबईचे स्थान मोठे आहे. १९६४ साली ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात भरुचा आणि दस्तूर यांनी कवटी व मान यांच्या सांध्यावरील व्यंगांच्या ४० रुग्णांचा वृत्तान्त दिला. १९६७ साली त्याच नियतकालिकात जे. जे. रुग्णालयाच्या नोशिर वाडिया यांनी पहिल्या दोन मणक्यांच्या जन्मजात विस्थापनाचे २८ रुग्ण मांडले. हे आकडे आज लहान वाटतील. त्या काळी पाश्चात्त्य देशांतील एखाद्या डॉक्टरला आयुष्यभरात असे मोजकेच रुग्ण भेटत. आपल्याकडे मात्र हे दुखणे वॉर्डात नित्य दिसे. मेंदुविकाराचे डॉक्टर आजही अशा रुग्णाला एक प्रश्न विचारतात, जो परदेशी पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही : चालताना चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली तर कळते का? पायाची ताकद गेली आहे की जाणीवही, हे त्या दोन उत्तरांतून कळते. रुग्ण पुष्कळदा तरुण, आखूड मानेचा. एखाद्या किरकोळ पडण्याने किंवा धक्क्याने हातपाय लुळे पडलेला.

उपचार एकच होता, घसरणारी दोन हाडे एकमेकांना बांधणे. १९१० साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि ऑसगुड यांनी जाड रेशमी दोऱ्याने ती बांधली. १९३९ साली टोरांटोच्या गॅलीने तार वापरून मागच्या बाजूला हाडाचा तुकडा बसवला. पुढची कित्येक दशके याच पद्धतीत सुधारणा होत राहिल्या. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे : दोरा काय आणि तार काय, ती मणक्याच्या मागच्या कमानीभोवती, मध्यरेषेजवळ गुंडाळायची असते. धमनी तेथून बाजूला असते. शल्यचिकित्सकाला भीती होती ती तारेखालून जाणाऱ्या मज्जारज्जूची. धमनीला तो जपत होता. पण तिच्या वाटेचा नकाशा काढून घ्यावा, इतकी ती त्याच्या मार्गात येत नव्हती. हाडांचा साधा एक्स-रे त्याला पुरत होता. १९३९ सालीच चेंबरलेन या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञाने मणक्याचे टोक कवटीत घुसले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एक्स-रेवर टाळूच्या मागच्या कडेपासून एक रेषा आखण्याची रीत सांगितली. पट्टी आणि पेन्सिल, बस्स.

आता दुसरी कथा, चित्रांची. ती समांतर चालली होती आणि दोघींची भेट फार उशिरा झाली.

रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर दोनएक महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेन्थाल यांनी एका तोडलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू, हिंगूळ आणि खनिज तेल यांचे मिश्रण भरले आणि त्याचे चित्र घेतले. त्याला ५७ मिनिटे लागली. चित्र सुंदर आहे. पण ते मिश्रण जिवंत माणसाला देणे म्हणजे त्याला मारणेच. रक्ताबरोबर वाहील, क्ष-किरणांना अडवेल आणि माणूस जगेल असे काहीतरी हवे होते. ते सापडायला तीस वर्षे लागली.

मेंदूच्या धमन्यांसाठी ते वापरणारा एगास मोनिश हा मोठा विलक्षण गृहस्थ. लिस्बनचा मेंदुविकारतज्ज्ञ, पण त्याच्या आयुष्याचा मोठा काळ राजकारणात गेला. संसद सदस्य, माद्रिदमधील राजदूत, परराष्ट्रमंत्री, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत पोर्तुगीज शिष्टमंडळाचा प्रमुख. राजकारण सुटल्यावर वयाच्या पन्नाशीत तो या प्रश्नाकडे वळला. गाऊटने त्याचे हात निकामी झाले होते, त्यामुळे सुई धरायची ती अल्मेदा लिमा या तरुण सहकाऱ्याने. आधी त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरले. त्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला. मोनिश थांबला, द्रव बदलला, सोडियम आयोडाइड घेतले आणि २८ जून १९२७ रोजी पीयूष ग्रंथीच्या गाठीने आजारी असलेल्या एका तरुणाच्या मेंदूतील धमन्या प्रथमच काचेवर उमटल्या. दहा दिवसांच्या आत तो ते चित्र घेऊन पॅरिसच्या सभेत उभा होता.

त्या दगावलेल्या रुग्णाविषयी या इतिहासात सहसा अर्धे वाक्य येते. मीही तेवढेच लिहिले, कारण लिहिण्यासारखे फारसे जपले गेलेले नाही. मोनिशला १९४९ साली नोबेल मिळाले, पण या शोधासाठी नव्हे. मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू कापण्याच्या त्या शस्त्रक्रियेसाठी, जिची वैद्यकाला आज लाज वाटते.

मोनिशची सुई गळ्यासमोरच्या कॅरॉटिड धमनीत जात होती. मागच्या, हाडांतून जाणाऱ्या धमनीपर्यंत तो १९३३ साली पोहोचला, तेही गळपट्टीच्या हाडाखालील धमनी चिरून उघडी करून. १९४० साली जपानच्या ताकाहाशीने कातडीतून थेट व्हर्टिब्रल धमनीत सुई घालण्याची रीत सांगितली. म्हणजे सोय झाली होती. परंतु या मंडळींना पाहायचे होते ते कवटीच्या आत : गाठ कोठे आहे, धमनीला फुगा कोठे आला आहे. मान ही त्यांच्या लेखी वाट होती, मुक्काम नव्हता. वाटेवरच्या वळणांची चित्रे निघत होती, पण ती कोणी वाचत नव्हते.

दुसरे कारण अधिक गंभीर. चित्र काढणेच धोक्याचे होते. सुईने धमनीचे अस्तर सुटावे, गुठळी होऊन ती मेंदूत जावी, अर्धांगवायू व्हावा, हे घडत असे. आयोडाइड झोंबे, म्हणून १९३०च्या दशकात ‘थोरोट्रास्ट’ नावाचा द्रव लोकप्रिय झाला. वेदना नाही, चित्र स्वच्छ. तो थोरियमचा होता. किरणोत्सारी थोरियम यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसते व जन्मभर बाहेर पडत नाही. ज्यांची उत्तम चित्रे निघाली होती, त्यांतील अनेकांना वीसतीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. ही हकिगत वाचताना मला वारंवार वाटते, की त्या काळी ‘चित्राशिवाय शस्त्रक्रिया’ करणाऱ्या सर्जनला मागासलेला म्हणणे अन्यायाचे होईल. हाड बांधण्यासाठी धमनीचे चित्र न मागणे हा पुष्कळदा शहाणपणा होता.

धोका कमी केला स्वेन-इवार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने. त्याची युक्ती १९५३ साली छापून आली. सुई धमनीत घालायची, सुईतून लवचीक तार सोडायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी आत सरकवायची. इतके साधे, की ऐकल्यावर हसू यावे. आता मानेत सुई खुपसण्याची गरज उरली नाही; जांघेतून नळी सरकवत नेऊन हव्या त्या धमनीच्या तोंडाशी थांबता येऊ लागले. आज हृदयाची अँजिओग्राफी करून घेतलेल्या आपल्या घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या अंगावर सेल्डिंगरची तार फिरून गेली आहे. द्रवही सुधारला. स्वीडनच्याच टोर्स्टन आल्मेनने १९६०च्या दशकाच्या अखेरीस न झोंबणाऱ्या आयोडीन द्रवाची कल्पना मांडली. ती त्याला समुद्रात पोहताना सुचली म्हणतात : खाऱ्या समुद्रात डोळे उघडले की झोंबतात, कमी खाऱ्या बाल्टिकमध्ये झोंबत नाहीत, मग दोष द्रवाच्या तीव्रतेचा असला पाहिजे.

इतके झाले तरी मानेच्या शस्त्रक्रियेआधी चित्र मागवण्याची प्रथा पडली नाही. कारण मानेत अजून तारच होती.

तारेची अडचण रुग्ण सोसत होते. ती सैल होई, तुटे, हाड जुळत नसे. महिनोन्‌महिने गळ्याला व डोक्याला जखडणारा साज घालून राहावे लागे. जन्मजात व्यंग असलेल्यांत अनेकदा मागची कमान अपुरी किंवा कवटीला चिकटलेली असते, म्हणजे तार बांधायला खुंटीच नाही. १९७९ साली स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेनमधील फ्रीड्रिश मागेर्ल याने वेगळा मार्ग घेतला. दुसऱ्या मणक्यातून खालून वर, सांधा भेदून पहिल्या मणक्यात जाणारा लांब स्क्रू प्रत्येक बाजूला एक. पकड विलक्षण घट्ट. पण तो स्क्रू ज्या हाडाच्या पुलावरून जातो, त्याच पुलाखालून धमनी बाहेर वळते. शंभरांपैकी सुमारे वीस माणसांत ती निदान एका बाजूला इतकी वर चढलेली असते, की स्क्रूला जागाच उरत नाही.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात अतुल गोएल यांनी १९८८ पासून आणखी वेगळी पद्धत वापरायला घेतली. एक लांब स्क्रू सांध्यातून आरपार नेण्याऐवजी पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भरीव भागात एक आणि दुसऱ्या मणक्यात एक असे दोन सुटे स्क्रू, आणि त्यांना जोडणारी धातूची पट्टी. १९९४ साली गोएल आणि लाहेरी यांनी ३० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. २००१ साली जर्मनीच्या हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडा आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून हीच कल्पना मांडली, आणि जगभर बराच काळ नाव झाले ते हार्म्सचे. आता ‘गोएल–हार्म्स’ असा जोड उल्लेख रूढ आहे. श्रेयाचा हा वाद मला दुय्यम वाटतो. ही कल्पना परळला का सुचली, हे मला अधिक लक्षणीय वाटते. भरुचा, दस्तूर, वाडिया यांच्या काळापासून जे रुग्ण या शहरात येत होते, त्यांची हाडे पाठ्यपुस्तकातील हाडांसारखी नव्हती. तारेसाठी कमान नाही, लांब स्क्रूसाठी कोन मिळत नाही. मग सांधाच उघडून, हाड व धमनी डोळ्यांनी पाहत, थेट त्याच्या पोटात स्क्रू घालावा. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी गोएल दुसऱ्या मानेच्या मज्जातंतूची गाठ कापतात, डोक्याचा मागचा भाग त्यामुळे बधिर होतो. यावर सर्जनांत मतभेद आहेत. २००४ साली त्यांनी पुढचे पाऊल टाकले : सांध्याच्या दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर करून कवटीत घुसलेले टोक खाली ओढून आणायचे आणि मग बांधायचे. तोवर अशा रुग्णांचे ते टोक बहुधा तोंडातून जाऊन कोरून काढावे लागे.

स्क्रू आले आणि धमनीचा प्रश्न प्रथमच ऐरणीवर आला. १९९८ साली अमेरिकेतील राइट आणि लॉरिसेन यांनी सर्जनांना पत्रे पाठवून एक पाहणी केली. मागेर्ल पद्धतीच्या १३१८ रुग्णांची माहिती जमली. ३१ जणांत धमनीला निश्चित इजा झाली होती, आणखी २३ जणांत तसा संशय होता. एकूण ४.१ टक्के. यांतील बहुतेकांना मेंदूचा कायमचा झटका आला नाही, कारण दुसऱ्या बाजूची धमनी काम भागवते. पण प्रत्येकाची दुसरी धमनी तेवढी समर्थ नसते. काहींत ती दोऱ्याएवढी बारीक असते, काहींत कवटीपर्यंत पोहोचतच नाही. आता सर्जनचे प्रश्न नेमके झाले. माझ्या समोरच्या या माणसाची धमनी कोठून जाते? दोघींपैकी मोठी कोणती? शरीररचनेचे पुस्तक येथे निरुपयोगी होते, कारण ते ‘बहुतेकांचे’ उत्तर देते.

सुदैवाने त्याच सुमारास यंत्रही तयार झाले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्डच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. तेव्हा एकेका कापाला मिनिटे लागत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रुग्णाची गादी सरकत असतानाच सतत फिरणारे यंत्र आले, ज्यामुळे द्रव धमनीत आहे तेवढ्या सेकंदांत सारी मान टिपता येऊ लागली. धमनीत नळी घालण्याची गरजच संपली. हाताची शीर पुरली. आणि मुख्य म्हणजे जुन्या पद्धतीने जे कधीच नीट दिसत नव्हते, ते दिसू लागले. जुन्या चित्रात धमनी दिसे आणि हाड म्हणजे अडथळा. ते पुसून टाकण्याची तंत्रेही निघाली होती. सीटीमध्ये हाड आणि धमनी दोन्ही, एकमेकांच्या संबंधासह. सर्जनला हवा होता तो हा संबंध.

या चित्रांनी जन्मजात व्यंगांविषयी काय सांगितले, ते समजण्यासाठी क्षणभर एका चित्रकर्तीकडे जाऊ. डॉर्कस हेगर पॅजेट ही बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी या मेंदूच्या सर्जनसाठी चित्रे काढत असे. ती डॉक्टर नव्हती. मानवी गर्भांचे अतिसूक्ष्म काप पाहून तिने मेंदूच्या धमन्या कशा घडतात याचा क्रम लावला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध केला. आजही या विषयावर लिहिणाऱ्याला तिचे नाव टाळता येत नाही. गर्भाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी आडव्या धमन्यांच्या जोड्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, दर खंडाला एक. मानेत या पायऱ्या बहुतांशी विरून जातात आणि त्यांना जोडणारी उभी वाट टिकते. ती म्हणजे व्हर्टिब्रल धमनी. पहिल्या दोन महिन्यांतच हे घडते, आणि मणकेही त्याच काळात, त्याच खंडांतून घडतात. म्हणून जेथे हाडांची वाटणी चुकते, तेथे धमनीची वाटणीही चुकण्याचा संभव असतो.

चित्रांत नेमके हेच दिसले. जी पायरी विरायला हवी होती ती टिकून राहते. मग धमनी पहिल्या मणक्याच्या कमानीवरून न जाता तिच्या खालून, पहिल्या व दुसऱ्या मणक्याच्या मधल्या फटीतून आवरणात शिरते. किंवा दुभंगते, एक फाटा वरून व एक खालून. पहिल्या मणक्याचा स्क्रू ज्या जागेतून घालायचा, तेथेच ही खालची धमनी आडवी पडलेली असते. नेहमीच्या माणसात ही जागा मोकळी असते, म्हणून सर्जन तेथे निःशंकपणे हाडावरील मांस बाजूला सारतो. जपानच्या यामाझाकी आणि सहकाऱ्यांनी कवटी व मानेच्या सांध्यावरील लागोपाठच्या १०० शस्त्रक्रियांआधी अशी त्रिमितीय चित्रे काढून पाहिली आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : हाडाबाहेरची ही चुकार वाट प्रामुख्याने त्यांच्यात आढळली ज्यांची हाडे जन्मतः बिघडलेली होती. भारतातील केंद्रांकडूनही असाच अनुभव आला, विशेषतः पहिला मणका कवटीला चिकटलेल्या रुग्णांत.

ज्यांना स्क्रूची सर्वाधिक गरज, त्यांच्याच धमन्या सर्वाधिक अविश्वसनीय. तारेच्या काळात हे सत्य तसेच होते. फक्त ते कळण्याचे कारण घडत नव्हते.

चित्र पाहून सर्जन काय करतो? धमनी वर चढलेली असेल तर त्या बाजूला दुसऱ्या मणक्यात लांब स्क्रू घालत नाही, आखूड घालतो किंवा मागच्या कमानीच्या पत्र्यात आडवा घालतो. पहिला मणका कवटीला चिकटलेला असेल तर कधी थेट कवटीपर्यंत दांडा नेतो. धमनी फटीतून जात असेल तर ती आधी शोधून, हळुवार सोडवून बाजूला घेतो. एक धमनी मोठी व दुसरी क्षीण असेल तर मोठीच्या बाजूला साहस करत नाही. काही ठिकाणी आता चित्रावरून रुग्णाच्या मणक्यांची प्लास्टिकची प्रतिकृती छापतात आणि आदल्या दिवशी तिच्यावर हात बसवतात.

चित्राची किंमतही आहे. मुलांना क्ष-किरणांचा भार, मूत्रपिंड दुर्बल असणाऱ्यांना आयोडीनचा त्रास, आणि सरकारी रुग्णालयाच्या बाहेर खर्चाचा प्रश्न. द्रवाशिवाय एमआरआयने धमनी पाहता येते, पण हाड तितके स्पष्ट येत नाही. त्यामुळे ‘प्रत्येकाला चित्र हवेच का’ हा वाद पूर्ण मिटलेला नाही. हाडांचे जन्मजात व्यंग असलेल्यांच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ मिटला आहे.

आणि चित्र असूनही एक जुना नियम तसाच आहे. स्क्रूचा काळ सुरू झाला, तेव्हा पुरेशी चित्रे नसताना, तो घालून दिला गेला : पहिल्या बाजूला छिद्र पाडताना उसळून रक्त आले, तर ते छिद्र बुजवायचे आणि दुसऱ्या बाजूला धमनीजवळ स्क्रू घालायचा नाही. त्या क्षणी दुसरी धमनी ही त्या माणसाची एकमेव धमनी असू शकते.